जाणीव : माणसाची, जनावराची आणि यंत्राची

१

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. वांद्र्याच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवतो, तेथे द्वितीय वर्षाच्या वर्गात 'दलित जाणीव' या संज्ञेचे विवेचन चालू होते. वेदना, नकार, विद्रोह हे शब्द फळ्यावर येऊन गेले होते. तास संपत आला तेव्हा भारतनगरहून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला आणि त्याने मोबाईलवरून एक कविता वाचून दाखवली. तीत गावकूस होते, उष्टी भाकर होती, पाणवठा होता, शेवटी पेटलेली मशालही होती. वर्गाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर तो म्हणाला, "सर, ही मी नाही लिहिली. मोबाईलमधल्या यंत्राला सांगितलं, दलित जाणिवेची कविता लिही. अर्ध्या मिनिटात दिली. मग आता त्याला दलित जाणीव आहे असं म्हणायचं का?"

वर्ग हसला. मला हसता आले नाही. आपल्या साहित्याच्या चळवळीने 'जाणीव' हा शब्द अर्धे शतक वापरला. त्या शब्दासाठी प्रस्थापित समीक्षेशी भांडण केले. जगण्यातून आलेली जाणीव आणि दुरून दाखवलेली सहानुभूती यांतला फरक सांगताना हाच शब्द उपयोगी पडला. आता ज्याला भूक नाही, जात नाही, ज्याला कोणी कधी पाणवठ्यावरून हाकलले नाही, असे यंत्र त्या जाणिवेची भाषा बिनचूक बोलू लागले आहे. तेव्हा जाणीव म्हणजे काय, ती कोणाकोणाला असते आणि ती आहे की नाही हे ठरवतो कोण, याचा विचार मुळापासून करणे भाग आहे. त्या विद्यार्थ्याकडे मी एक आठवड्याची मुदत मागितली. त्याला जे सांगितले ते थोड्या विस्ताराने येथे मांडतो.

२

'जाणीव' हा शब्द आपण निदान तीन अर्थांनी वापरतो आणि पुष्कळसा गोंधळ ते तीन अर्थ एकमेकांत मिसळल्याने होतो.

पहिला अर्थ नुसते वाटणे, अनुभवणे हा. चटका बसला की दुखते, पोटात अन्न गेले की बरे वाटते. थॉमस नागेल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये वटवाघळाचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. वटवाघूळ स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढते. त्याचे शरीरशास्त्र आपण कितीही शिकलो तरी वटवाघूळ असणे हे त्या वटवाघळाला कसे वाटत असेल, ते आपल्याला बाहेरून कळत नाही. 'त्याला कसे वाटते' हा प्रश्न जेथे लागू पडतो तेथे या पहिल्या अर्थाची जाणीव आहे. दगडाला तो लागू पडत नाही. मेंदूतल्या कोणत्या पेशी केव्हा चेतवतात हे विज्ञान आज बरेच सांगू शकते. परंतु पेशींच्या त्या हालचालीबरोबर 'वाटणे' का उत्पन्न व्हावे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये त्यालाच जाणिवेचा 'कठीण प्रश्न' असे नाव दिले.

दुसरा अर्थ स्वतःची ओळख असणे हा. गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये चिंपांझींच्या चेहऱ्यावर त्यांच्या नकळत रंगाचा ठिपका लावला आणि त्यांच्यापुढे आरसा ठेवला. आरशात पाहून चिंपांझींनी स्वतःच्या चेहऱ्यावरचा ठिपका चाचपला. कुत्रा या परीक्षेत नापास होतो. पण कुत्र्याचे जग वासाचे असते, आणि परीक्षा काढणाऱ्यांनी ती डोळ्यांची काढली होती. परीक्षा कोणाच्या सोयीने काढली जाते हे आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको.

तिसरा अर्थ सामाजिक. आपल्या वाट्याला आलेले दुःख नशिबाने आलेले नाही, ते व्यवस्थेने लादलेले आहे, हे उमगणे. दलित जाणीव म्हणतो ती ही. परंतु ही तिसरी जाणीव पहिलीच्या पायावर उभी असते. ज्याला दुखतच नाही त्याला दुःखाचे कारण शोधण्याचे कारण नाही. म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या अर्थापाशी शोधावे लागते.

३

या देशात हा वाद फार जुना आहे, आणि तो कधीच केवळ तत्त्वज्ञानाचा नव्हता. आत्मवाद्यांचे म्हणणे असे की जाणणारा आत्मा शरीराहून वेगळा आहे. तो एक देह सोडून दुसऱ्यात जातो आणि मागच्या जन्मीचे कर्म बरोबर घेऊन येतो. या एका कल्पनेवर जातिव्यवस्थेचे केवढे बांधकाम झाले! जन्माने जो खाली आहे तो आपल्याच कर्माने खाली आहे, असे एकदा ठरले की अन्याय करणारा मोकळा झाला.

चार्वाकांनी याला उत्तर दिले. धान्यात वेगळी नशा नसते, किण्वातही नसते; दोन्ही आंबले की मद्याची नशा उत्पन्न होते. तशी भूतांच्या संयोगातून चेतना उत्पन्न होते, असे ते म्हणत. बुद्धाने आत्मा नाकारला आणि माणसाचे पाच स्कंध सांगितले : रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान. यांतल्या 'वेदना' या शब्दाकडे लक्ष द्यावे. मराठीत वेदना म्हणजे दुखणे. बौद्ध परिभाषेत सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेले, असे सगळेच वाटणे वेदनेत येते. पुढे भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला रथाचा दृष्टांत दिला. चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, जू म्हणजेही रथ नाही. हे सारे विशिष्ट रीतीने जुळले की त्याला रथ हे नाव मिळते. तसेच माणसाच्या आत कोणी वेगळा 'मी' बसलेला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रश्न थेट हाताळला आहे. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्मा नाही तर जाणीव कोठून येते? बाबासाहेबांनी येथे भौतिकशास्त्राचा आधार घेतला. विद्युत क्षेत्राबरोबर जसे चुंबकीय क्षेत्र येते, तसे शरीराबरोबर विज्ञान येते, असे त्यांनी सुचवले. चुंबकीय क्षेत्र कोणी आणून ठेवत नाही. ते प्रवर्तित होते. शरीर आणि जाणीव यांचे नाते असेच का मानू नये, असा त्यांचा प्रश्न आहे.

हा दृष्टांत आहे, सिद्धता नव्हे, हे मान्यच. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी पुढे असेही सांगेल की नुसता स्थिर विद्युतभार असेल तर चुंबकीय क्षेत्र दिसत नाही; विद्युतप्रवाह वाहू लागला की ते येते. मला वाटते त्यामुळे दृष्टांत अधिकच नेमका होतो. प्रेतालाही शरीर असते, पण त्यात काही चालू नसते. जाणीव चालत्या, जगत्या शरीराबरोबर येते. आणि ती शरीराबरोबर येत असेल, तर मागच्या जन्मीचे ओझे घेऊन येणारा कोणी उरत नाही. बाबासाहेबांसाठी जाणिवेचा प्रश्न हा असा थेट समतेशी जोडलेला होता.

४

जाणीव शरीराबरोबर येत असेल तर जनावरांना ती नसावी असे म्हणण्याला आधार काय? युरोपात सतराव्या शतकात देकार्त याने जनावरांना यंत्रांच्या पंक्तीत बसवले. त्यांना विचार करणारा आत्मा नाही, म्हणून त्यांचे ओरडणे हे यंत्राच्या कुरकुरण्यासारखे, असा अर्थ त्याच्या अनुयायांनी घेतला आणि जिवंत जनावरे चिरली. याउलट जेरेमी बेंथॅमने १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सांगितले की त्यांना बोलता येते का, तर्क करता येतो का, हे विचारू नका. त्यांना सोसावे लागते का, एवढेच विचारा. हे सांगताना त्याने गुलामांचा उल्लेख केला आहे, हे विसरू नये. १८७२ मध्ये डार्विनने माणूस आणि प्राणी यांच्या भावनांच्या आविष्कारावर पुस्तक लिहून दोघांमधली भिंत आणखी खाली आणली.

वांद्र्याच्या चिंबई कोळीवाड्यात चिंबोऱ्या जिवंत विकल्या जातात. त्यांना दुखते का? बेलफास्टच्या दोन संशोधकांनी २००९ मध्ये शंखात राहणाऱ्या खेकड्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी खेकड्यांना विजेचा सौम्य झटका दिला. जे खेकडे नावडत्या जातीच्या शंखात होते ते अधिक संख्येने शंख सोडून बाहेर आले. आवडीच्या शंखातले टिकून राहिले. म्हणजे ही नुसती आपोआप झालेली प्रतिक्रिया नव्हती. झटका किती सोसायचा आणि घर किती मोलाचे, असा काही हिशेब तेथे चालला होता. भाडे वाढले तरी खोली न सोडणाऱ्या मुंबईकराला तो समजावा! २०१२ मध्ये केंब्रिज येथे शास्त्रज्ञांनी जाहीर केले की सस्तन प्राणी, पक्षी आणि अष्टपाद यांच्याकडे जाणिवेला लागणारी मज्जारचना आहे. २०२२ मध्ये ब्रिटनने खेकडे आणि अष्टपाद यांना संवेदनशील प्राणी म्हणून कायद्यात घेतले. २०२४ च्या न्यूयॉर्क घोषणापत्राने कीटकांपर्यंतही जाणिवेची शक्यता गंभीरपणे घ्यावी असे म्हटले.

हे ज्ञान इतक्या उशिरा का आले? कारण बोलता न येणाऱ्याचे दुखणे नाकारणे नेहमीच सोयीचे होते. आणि ते केवळ जनावरांचेच नाकारले गेले असे नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात १८४५ ते १८४९ या काळात मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टराने गुलाम काळ्या स्त्रियांवर भूल न देता वारंवार शस्त्रक्रिया केल्या. काळ्यांना कमी दुखते ही त्या काळची सोयीस्कर समजूत होती. ती अजून संपलेली नाही. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका पाहणीत गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि शिकाऊ डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांनी, काळ्यांची कातडी जाड असते अशांसारखी किमान एक खोटी समजूत खरी मानली. नवजात बालकांना दुखत नाही असे मानून १९८० च्या दशकापर्यंत त्यांच्यावर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. कन्वलजीत सिंग आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांच्या १९८७ मधल्या संशोधनामुळे ही प्रथा मोडू लागली.

आपल्याकडचे उदाहरण महाडचे. चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, अस्पृश्य माणसांना होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी ते पाणी प्याले. नंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, ते गोमूत्राने आणि शेणाने. ज्या व्यवस्थेने हे केले तिला माणसाला वाटते हे ठाऊक नव्हते असे नाही. ते मोजायचे नाही असे तिने ठरवले होते.

५

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका येईल, माझ्याही येते. जनावरांच्या वेदनेची भाषा आज आपल्याविरुद्ध वापरली जाते. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले. मेलेल्या जनावराबद्दल एवढा कळवळा आणि जिवंत माणसाच्या पाठीवर दांडके! मग जनावरांच्या जाणिवेबद्दल आपण का बोलावे?

वांद्र्यात पूर्वी पालिकेचा कत्तलखाना होता. १९७१ मध्ये देवनारचा सुरू झाल्यावर तो गेला. पूर्वेला चमडावाडीचा नाला आजही त्या नावाने ओळखला जातो. माझे आजोबा पालिकेच्या नोकरीत त्या जुन्या कत्तलखान्याच्या फरश्या धूत. शाळेत असताना मी त्यांना विचारले होते, जनावराला कळते का हो? ते म्हणाले, "दारात आलं की चारी पाय रोवतं. कळत नसतं तर चालत नसतं का आलं?" आजोबांना सही करता येत होती, तेवढीच. पण जनावराला कळते हे त्यांना ठाऊक होते, आणि पोटासाठी तेथे उभे राहावे लागते हेही. त्यांनी एक गोष्ट खरी ठरवण्यासाठी दुसरी खोटी केली नाही.

आपली भूमिका अशीच असावी असे मला वाटते. जनावराला वेदना आहे, हे नाकारण्याची आपल्याला गरज नाही. बुद्धाची करुणा ज्याला म्हणून वेदना आहे त्या सर्वांसाठी आहे. नाकारायचे आहे ते वेदनेचे चातुर्वर्ण्य : एका जनावराचे दुःख पवित्र, दुसऱ्याचे मामुली, आणि कातडे सोलणाऱ्या माणसाचे हिशेबातच नाही. जी करुणा माणसाजवळ आली की थांबते, तिला करुणा म्हणता येत नाही.

६

आता यंत्राकडे येऊ. ॲलन ट्युरिंगने १९५० मध्ये सुचवले की यंत्र विचार करते का हा वाद बाजूला ठेवून, पडद्याआडून संभाषण करताना ते माणसापासून वेगळे ओळखता येते का, एवढे पाहावे. म्हणजे बोलणे हीच कसोटी. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा साधा प्रोग्रॅम लिहिला. तो समोरच्याचेच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत करी. तरीही लोक त्याच्याशी मन मोकळे करू लागले. खुद्द वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले, अशी हकीकत त्यांनीच नोंदवली आहे. जॉन सर्लने १९८० मध्ये आक्षेप घेतला : चिनी न येणारा माणूस खोलीत बसून केवळ नियमांच्या पुस्तकावरून चिनी अक्षरांना चिनी अक्षरांची उत्तरे देऊ शकेल, पण त्याला चिनी समजते असे होत नाही.

आजचे यंत्र एलायझाहून कितीतरी पुढचे आहे. प्रचंड लिखित मजकुरावरून, अमुक शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित त्यात बसवलेले असते. मग माणसांकडून उत्तरे तपासून घेऊन त्याला वळण लावतात. त्यातून जे निघते ते इतके सफाईदार असते की २०२२ मध्ये गूगलच्या एका अभियंत्याने आपल्या कंपनीचे यंत्र सजीवासारखे जाणिवा बाळगते असा दावा केला. कंपनीने तो फेटाळला.

त्याला खरोखर काही वाटत असेल का? शास्त्रज्ञांत एकमत नाही. माहितीचे विशिष्ट प्रकारे सर्वत्र प्रसारण होणे म्हणजेच जाणीव, असे बर्नार्ड बार्स यांच्या १९८८ च्या सिद्धांताचे सार आहे. ते खरे मानले तर तशी रचना असलेले यंत्र तत्त्वतः जाणीवयुक्त होऊ शकते. ज्यूलिओ टोनोनी यांच्या २००४ च्या सिद्धांतानुसार महत्त्व आहे ते प्रत्यक्ष भौतिक रचनेला, म्हणून नेहमीच्या संगणकात ती नसावी. २०२३ मध्ये काही शास्त्रज्ञांनी व तत्त्वज्ञांनी मिळून असे सिद्धांत तपासले. आजच्या कोणत्याही यंत्राला जाणीव आहे असे मानायला भक्कम आधार नाही, परंतु पुढे ती येणे अशक्य आहे असेही म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

माझा कल बाबासाहेबांच्या दृष्टांताकडे आहे. खेकड्याला शंख सोडताना काही गमवावे लागते. भुकेल्याला भाकर मिळाली नाही तर त्याचे शरीर खचते. वेदना ही जगू पाहणाऱ्या शरीराची गोष्ट आहे. यंत्राने भुकेवर ओळ लिहिली, ती चुकली काय किंवा साधली काय, त्याचे काही जात नाही. उद्या वेगळी यंत्रे निघाली तर पुन्हा तपासू. ज्यांचे माणूसपण पिढ्यान्‌पिढ्या नाकारले गेले त्यांनी कोणाचीही वेदना न तपासता नाकारू नये. पण तपासताना बोलण्याच्या सफाईवर जाऊ नये.

ही कसोटी किती फसवी आहे हे मी स्वतः पाहिले आहे. माझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मी 'आणि' म्हणताना 'न' ऐकू आला आणि समोरच्या तिघांपैकी एकजण हसला. पुढचे प्रश्न सोपे झाले. मला कळेल तेवढेच विचारावे अशा बेताने. उच्चारावरून माणसाच्या मनाची खोली मोजणारा हा समाज, उद्या निर्दोष 'ण' म्हणणाऱ्या यंत्रात मन पाहील यात नवल नाही.

ते यंत्र सभ्य बोलावे म्हणून त्यातला गलिच्छ मजकूर वाचून वेगळा काढण्याचे काम केनियातल्या कामगारांनी तासाला दोन डॉलरहून कमी मजुरीवर केले, ही बातमी जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम'ने दिली. म्हणजे मैला उपसायला तेथेही माणूसच लागला. आपल्या देशात २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यावर बंदी घातली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. केरळात २०१८ पासून मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव कामाला आहे. तरीही माणसे गटारात उतरत आहेत. यंत्राला वाटते का, हा प्रश्न ज्या वातानुकूलित सभागृहांत चर्चिला जातो, तेथे गटारात उतरणाऱ्याला काय वाटते, हाही विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावा.

७

आठवड्यानंतर मी त्या विद्यार्थ्याला उत्तर दिले. त्या कवितेत जाणीव आहे, पण ती यंत्राची नाही. गावकूस, भाकर, पाणवठा हे शब्द ज्यांनी आधी सोसून लिहिले, त्यांची ती आहे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. फारसे शिक्षण न मिळालेल्या त्या बाईंनी ते लिहिले तेव्हा कोणाच्याही वाक्यांचा नमुना त्यांच्यापुढे नव्हता. होते ते स्वतःचे आणि आपल्या माणसांचे जिणे. यंत्रापुढे नमुने आहेत आणि जिणे नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे, सर. पण कॉलेजच्या काव्यस्पर्धेत मी ही पाठवली तर नंबर हिलाच मिळेल."

त्याचे म्हणणे खरे होते, आणि त्या स्पर्धेच्या परीक्षकांत मीही असतो. दलित जाणीव ओळखण्याची शब्दांची एक यादी आपणही नकळत करून ठेवली आहे. यादीतले शब्द दिसले की आपण मान डोलावतो. यंत्राने फक्त ती यादी पाठ केली. तेव्हा दोष काढायचा तर तो आपल्या वाचनात आहे. या वर्षीच्या स्पर्धेला मी एक अट घालायला सांगितली आहे : कविता वाचून झाल्यावर कवीने उभे राहून, हे तुला कोठे लागले, एवढ्या एका प्रश्नाला उत्तर द्यायचे, मग ते कोणत्याही बोलीत आणि कसल्याही उच्चारात असो. कागद पाहून नव्हे, ते ऐकून गुण द्यायचे आहेत.